राणीच्या तोंडातला ढोल

वरातीच्या घोडीचा भाव तिच्या रंगावर ठरतो. पांढरीशुभ्र, गुलाबी कातडीची नुकरा घोडी असली की सारंगखेड्याच्या यात्रेत तिच्याभोवती माणसं जमतात. तापीकाठच्या त्या बाजारात दत्तजयंतीच्या सुमारास दूरदूरचे घोडे येतात आणि लग्नाच्या धंद्यातली मंडळी आधी नुकऱ्याची चौकशी करतात. आमची राणी नुकराच होती. तरी ती आम्हाला जवळजवळ फुकट मिळाली, कारण भर वरातीत ती नवरदेवासकट उधळली होती आणि मालकाला नकोशी झाली होती. आंबोलीत राहणाऱ्या, नाचणी-ऊस करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला घोडी कशाला हवी, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. हौस धाकट्या भावाची. त्याने तिला टेम्पोतून आणून अंगणात उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीवर पुण्याला निघून गेला.

आमच्या वाडीत त्याआधी कुणी घोडा पाळलेला नव्हता. माथेरानला मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तिथल्या पोराटोरांना घोड्यातलं कळतं. इथे गाय, म्हैस, बैल कळतात आणि गवा दुरून कळतो. त्यामुळे मला सल्ले मिळाले ते सगळे बैलाचे. ‘‘दोन फटके घाल, सरळ येतली,’’ एक काका म्हणाले. दुसऱ्यांनी अधिक पक्का उपाय सांगितला: तिला खुंट्याला आवळून बांधायची आणि शेजारी ढोल बडवायचा, संध्याकाळपर्यंत भीती मोडते. हा उपाय नवा नाही, आणि वरवर पाहता तो लागूही पडतो. पळायला वाट नसलेलं जनावर शेवटी धडपड सोडतं, मान खाली घालून उभं राहतं आणि माणसं म्हणतात, बघा, शांत झाली. अशा घोड्याच्या डोळ्यांत बघावं. डोळे उघडे असतात, पण ते कशाकडे बघत नसतात. राणी निम्मा दिवस तशीच उभी असायची. उरलेला निम्मा दिवस ती भिंतीला पाठ लावून थरथरायची.

पलीकडच्या घरातल्या आजींची सगळी हयात गुरांत गेलेली. त्या कुंपणाबाहेर उभ्या राहून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘गो बाय, हिच्या तोंडाक काय झालाहा ता आधी बघ.’’ राणी गवत तोंडात घ्यायची, चावायची आणि अर्धवट चावलेला गोळा खाली टाकून द्यायची. आम्ही तो भीतीचा भाग समजत होतो. डॉक्टर आले, मोठ्या मिनतवारीने त्यांनी तोंड उघडून पाहिलं. ओठांचे कोपरे फाटून जुळलेले, जिभेवर आडवा वण, हिरडीवर जखम. राणीबरोबर एक गोणी आली होती. तिच्यात खोगीर, जरीची झूल, घुंगरांचा पट्टा आणि लगाम होता. तो लगाम मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेऊन नीट पाहिला. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला काटे होते.

असे काटेरी लगाम वापरायला केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनी बंदी घातलेली आहे. ओझी वाहणाऱ्या आणि जुंपल्या जाणाऱ्या जनावरांसाठी केलेले ते नियम आहेत. बंदीला कित्येक दशकं झाली, पण लगाम असतो तोंडात. वरातीत नाचणाऱ्यांपैकी कोण वाकून बघणार? घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लोखंड नेमकं तिथे टेकतं आणि त्या पातळ हिरडीखाली लगेच हाड असतं. ढोल वाजला, घोडी दचकली, धरणाऱ्याने लगाम खेचला, काटे रुतले. पुढच्या वेळी ढोल वाजला की दुखणं येणार हे तिला आधीच ठाऊक. म्हणजे ती आणखी जोरात दचकणार, आणि लगाम आणखी जोरात खेचला जाणार.

हा विचार तेव्हा निव्वळ अंदाज होता. त्याची खात्री पावसाने करून दिली. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि आमच्या गोठ्यावर पत्रा आहे. जूनमध्ये झड लागली की त्या पत्र्याखाली शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मला धास्ती होती की पहिल्याच रात्री राणी कुंपण मोडून दरीत जाईल. तिने कान दोन-चार वेळा वर केले आणि गवत खात राहिली. पत्र्यावरचा तो गडगडाट कुठल्याही ढोलापेक्षा मोठा होता. पण त्या आवाजात तिच्या तोंडाला कुणी कधी काही केलेलं नव्हतं.

मग वाचायला लागले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमधल्या झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने हे सांगूनच ठेवलंय: घोडा ज्या वस्तूला बुजतो त्या वस्तूजवळ त्याला मारून नेऊ नये, कारण मिळालेला मार त्या वस्तूमुळेच मिळाला असं तो समजतो. स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि त्याला सावकाश जवळ न्यावं. चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा अजून आमच्या घाटापर्यंत चढून आलेला नाही.

जखमा भरेपर्यंत तिच्याकडून काही करून घ्यायचं नाही असं ठरवलं. मऊ चारा, जंताचं औषध, खुरांची सफाई. आंबोलीच्या पावसाळ्यात खूर सतत ओले राहतात आणि आतून कुजतात, म्हणून गोठ्यात फळ्या टाकून कोरडी जागा केली. जळवांसाठी मिठाचं पाणी. आणि सोबत. घोडा कळपातला प्राणी, एकट्याने पहारा करून थकतो. आमची एक भाकड म्हैस होती, तिला शेजारी बांधलं. म्हशीला जगात कशाचंच काही वाटत नाही, हा तिचा मोठा गुण. एके सकाळी राणीच्या कुशीला पेंढा चिकटलेला दिसला, तेव्हा मी आजींना हाक मारून बोलावलं. घोडा उभ्याने डुलकी काढू शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि भोवती धोका नाही असं वाटल्याखेरीज तो आडवा होत नाही. आमच्याकडे आल्यावर ती पहिल्यांदाच झोपली होती.

माणसांच्या बाबतीत मी एकच नियम केला: राणीला निघून जाता आलं पाहिजे. गोठ्याचं मागचं दार काढून टाकलं, बाहेरच्या तुकड्याला बांबूचं कुंपण घातलं आणि दावं सोडलं. मी आत जायचे ती तिच्याकडे न बघता, तिरकी, खांद्याच्या रोखाने. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. समोरून येऊन कौतुकाने नाकावर हात ठेवणारा माणूस त्याच्या लेखी एकदम कुठून तरी उगवतो. राणीची मान ताठ झाली, कान माझ्यावर रोखले गेले की मी थांबायचे, आणि ती सरकायच्या आत मीच मागे फिरायचे. ‘‘घोडीक भेटाक जातस आणि तशीच परत येतस, ह्या काय?’’ आजी विचारायच्या. बघणाऱ्याला त्यात काही काम दिसत नसे. पण कान नुसते फिरवले तरी माणूस मागे हटतो, हे राणीला बहुधा जन्मात पहिल्यांदा कळत होतं. तोवर ‘नको’ म्हणायची तिची एकच रीत उरली होती, उधळण्याची. कानावर काम भागतंय म्हटल्यावर ती उधळेनाशी झाली. आणि नको म्हणता येतंय याची खात्री पटल्यावर तिने हळूहळू ‘बरं’ म्हणायला सुरुवात केली. मी मागे फिरले की मागून पावलं वाजायची.

हात लावायची सुरुवात मान जिथे पाठीला मिळते तिथून केली. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेमकं तिथे खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावताना दिसले होते. राणीच्या बाबतीत मला ठोके मोजता आले नाहीत, पण खालचा ओठ सैल पडून लोंबायला लागायचा, ते पुरेसं होतं. ओठ लोंबला की हात काढून घ्यायचा. तिने मान पुढे केली तर पुन्हा ठेवायचा.

मॉन्टी रॉबर्ट्स या अमेरिकन माणसाची घोडे माणसाळवायची पद्धत जगभर गाजली. १९९६ मधलं त्याचं पुस्तक अजून वाचलं जातं. गोल रिंगणात घोड्याला पळायला लावायचं आणि तो मान खाली घालून, तोंड चघळल्यासारखं हलवत ‘जवळ येऊ का’ असं सुचवू लागला की पाठ फिरवायची. मारण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. तरी रिंगणातून घोड्याला बाहेर जाता येत नाही, ही गोष्ट मला खटकते. आधीच भ्यालेल्या जनावराला आणखी पळवून मग मिळालेल्या होकाराची किंमत किती धरायची? तसाही आमच्या उतारावर गोल रिंगण बसलं नसतं.

पुरुषांना ती फार काळ जवळ येऊ देत नव्हती, त्यातही धोतर-फेटावाल्यांना. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की सकाळी माणसाचा रागीट चेहरा नुसत्या फोटोत पाहिलेला घोडा दुपारी तोच माणूस साध्या चेहऱ्याने समोर आला तरी सावध होतो. एका फोटोचं हे, तर तिने हंगामामागून हंगाम फेटे पाहिले होते. म्हणून शेजारच्या काकांना मी रोज फेटा बांधून कुंपणाबाहेर विडी ओढत बसायची विनंती केली. एवढंच काम म्हटल्यावर त्यांनी ते आनंदाने केलं. फटक्याचा सल्ला त्यांचाच होता, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.

ढोल सगळ्यात शेवटी. शिमग्यात वाजवणाऱ्या एका पोराला मळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि टिपरू हळूच एकदा मारायला सांगितलं. इकडे आवाज आला की लगेच माझ्याकडून मूठभर भिजवलेले हरभरे. क्रम महत्त्वाचा: आधी ढोल, मग हरभरे. उलटं केलं तर हरभरे दिसले की आता ढोल येणार म्हणून जनावर हरभऱ्यालाच भ्यायला लागतं. ती खात राहिली तर अंतर बरोबर. चावणं थांबलं तर आम्ही फार जवळ आलो, पोराने मागे जायचं. पोरगा पार कंटाळून गेला. ज्याला रात्रभर ढोल बडवायची हौस त्याला एक टिपरू मारून गप्प राहायला सांगणं हीच खरी शिक्षा. काही दिवस पुढे सरकण्याऐवजी आम्ही मागेच गेलो. धुकं दाट असलं की तिला दूरचं दिसत नसे आणि न दिसणाऱ्या ढोलाला ती जास्त भ्यायची. मग त्या दिवशी शिकवणी बंद. आंबोलीत जुलै-ऑगस्टमध्ये धुकं नसलेला दिवस मिळवणं हाच एक उद्योग आहे.

चतुर्थीला आमच्याकडे आरतीला टाळ-मृदंग वाजले तेव्हा राणी मागच्या मोकळ्या दारातून बाहेर निघून गेली, कुंपणाशी उभी राहून ऐकत राहिली आणि आरती संपायच्या आत आपणहून परत आली. ती जागची हललीच नसती तर मला काळजी वाटली असती.

आता ती मोहरकीत स्वतः नाक घालते. लगाम तिच्या तोंडात पुन्हा गेलेला नाही. तो लोहाराला दिला. हिरण्यकेशीच्या रस्त्याने आम्ही दोघी चालत जातो, पण शनिवार-रविवार नाही, कारण धबधब्याकडे येणाऱ्या गाड्यांची गाणी चालू असतात. उघडणारी छत्री अजून तिला चालत नाही. गवे दिसले तर ती थांबते आणि माझ्याकडे बघते, जणू मला त्यातलं काही कळतं.

यंदा लग्नसराईत शेजारच्या गावातले एक गृहस्थ मुलासाठी घोडी मागायला आले. पांढरी घोडी आहे, आता शांतही झालीय, तासाभराचा प्रश्न, म्हणाल ते भाडं. मी म्हटलं, येईल की. लगाम नाही, डीजे नाही, फटाके नाहीत, आणि नवरदेव तिच्यावर बसणार नाही, शेजारून चालेल; तिला वाटलं तर ती मधूनच घरी येईल. त्यांनी थोडा विचार केला आणि सावंतवाडीहून उघडी जीप ठरवली. वरात आमच्याच दारावरून जाणार होती. डीजे अजून राणीच्या अभ्यासात आलेला नाही, म्हणून मी तिला दुपारीच वरच्या सड्यावर चरायला घेऊन गेले. लग्नाच्या जेवणाचं आमंत्रण मात्र आजींनी आम्हा दोघींच्या वतीने आधीच घेऊन ठेवलं होतं.