बिनआवाजाची मोटार

गेल्या फाल्गुनात देवासच्या आमच्या घरी विजेवर चालणारी मोटार आली. परदेशी नावाची, काचेच्या छताची, दाराच्या मुठी अंगात लपवून बसणारी. चिरंजीव इंदूरला नोकरीला आहेत. रोजचे जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर होतात. सूनबाईही कमावतात. दोघांनी मिळून ठरवले, कर्ज काढले आणि घेतली. किंमत मी इथे लिहीत नाही. वडिलांनी घर बांधले त्या पैशाच्या ती किती पट, हा हिशेब एकदा मनात मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

देवासला वीज आणि मोटार यांची सोयरीक तशी जुनी. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली, हे तुम्हांला ठाऊक असेलच. त्यातल्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून राहिले. त्यांच्याकडे बागा, मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर अशी कामे होती. म्हणजे दरबारची वीज आणि दरबारच्या मोटारी एकाच लेखकाच्या हाती! पुढे १९५३ साली त्यांनी देवासवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच आमची देवीची टेकडी आहे. आमच्या मोटारीची पूजाही त्याच टेकडीच्या पायथ्याशी झाली. चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. विजेच्या गाडीला लिंबू चालते का, असे नातवाने विचारले, तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘चाकं तर चारच आहेत ना?’

मोटारही दिसते तितकी नवी नव्हे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग रस्त्यावरच्या गाडीने पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, आणि ती गाडी विजेचीच होती. मग पेट्रोल आले आणि शंभर वर्षे ही धाकटी पाती मागे पडली. आता परदेशी कंपन्यांच्या उंची विजेच्या मोटारी पुण्याजवळ चाकणला जुळवल्या जातात, २०२२ पासून. आणि आमच्या धार जिल्ह्यात पीथमपूरला गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी ११.३ किलोमीटरचा वेगाचा रस्ता बांधला आहे, तो २०२१ साली खुला झाला. धारहून येताना त्या बाजूने जातो तेव्हा नातू दरवेळी खिडकीला नाक लावतो.

पहिले दोन महिने घरात एकच विषय: टक्के. पूर्वी सकाळी वरच्या टाकीत पाणी किती, अशी चौकशी होई. तिची जागा ‘किती टक्के?’ने घेतली. बॅटरी ऐंशी युनिटांची. घराचा वीजभार वाढवून घ्यावा लागला, एकाचे तीन फेज झाले. भिंतीवर पेटी बसली, ती तासाला सात युनिटे भरते. रात्री लावली की सकाळी तयार. एका युनिटात साधारण साडेपाच किलोमीटर, म्हणजे शंभर किलोमीटरला अठरा युनिटे. मीटर मात्र वीस दाखवतो, कारण भरताना थोडी वीज उष्णतेत जाते. आमच्याकडे युनिट सात-साडेसात रुपयांना पडते. दीडशे रुपयांत शंभर किलोमीटर. एवढ्या मोठ्या पेट्रोलच्या गाडीला शंभरी ओलांडलेले पेट्रोल आठ-नऊ लिटर तरी लागते. चिरंजीवांनी हा हिशेब मला चार वेळा ऐकवला. कर्जाचा हप्ता त्यात धरलेला नसतो, हे मी एकदाच ऐकवले.

मानपूरच्या घाटाची गंमत सांगण्यासारखी आहे. माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरतो. ब्रेकवर पायच ठेवावा लागत नाही. पाय वेगावरून उचलला की मोटारच जनित्र होते आणि उताराची ताकद बॅटरीत परत जाते. खाली पोचलो तर आकडा कमी होण्याऐवजी एकाने वाढलेला. नातू टाळ्या पिटू लागला. येताना चढणीने तो एक सव्याज वसूल केला, तेव्हा कोणी टाळ्या पिटल्या नाहीत.

पण या मोटारीचा खरा गुण तिचे मौन. गल्लीतली कुत्री पहिल्या आठवड्यात जागची हलेनात. हळू चालताना ती मुद्दाम एक बारीक घूंघूं काढते, लोकांना कळावे म्हणून. पण ज्यांनी जन्मभर टेम्पोच ऐकले त्यांना तो आवाज वाटत नाही. हॉर्न वाजवायचा मला संकोच होतो. कुमारजी जिथे ४४ वर्षे राहिले त्या गावात एक गाडी तरी उगाच बोलत नाही, याचा मला आपला आनंद आहे.

या मौनाचा खरा लाभ झाला तो आमच्या आत्याला. आत्या धारला, आजोबांच्या वाड्यात राहते. वय ८६. लवकर वैधव्य आले आणि ती माहेरी परतली, ती तिथलीच झाली. कानात यंत्र आहे, पण बसमध्ये किंवा आमच्या जुन्या डिझेलच्या गाडीत ते यंत्र इंजिनाचाच आवाज मोठा करी. म्हणून प्रवासात ती यंत्र काढून पिशवीत ठेवी आणि खिडकीबाहेर बघत बसे. आम्हांला वाटे, आत्या अबोल आहे.

चैत्रात तिला देवासला आणले. आधी पाच मिनिटे ती दाराची मूठ शोधत होती. ‘अरे, कडी कुठंय याची?’ मूठ आपोआप बाहेर आली तशी दचकून मागे सरली. मग बसली, गाडी निघाली आणि बेटम्यापर्यंत ती वाट पाहत राहिली. शेवटी म्हणाली, ‘चालू कर ना रे.’ चालूच आहे म्हटल्यावर तिने पिशवीतून यंत्र काढले आणि कानात घातले. त्यानंतर थेट देवासपर्यंत आत्या बोलत होती. माझ्या आईबाबांच्या लग्नाला लाडवांचे डबे मांडीवर घेऊन बसने कशी आली. शाळेत हिंदी बोलायचे आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा आजोबांचा नियम कोण कसा मोडी. नातू मागे बसून ऐकत होता. त्याचे मराठी आमच्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांतल्या मुलांचे असते तसे: समजते सगळे, उत्तर हिंदीत. त्या दिवशी त्याने विचारले, ‘आजी, उंबरा म्हणजे?’ तुमच्याकडे बेळगाव-निपाणीला कानडीशी हेच चालत असेल.

मग धारच्या फेऱ्या वाढल्या. पूर्वी आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परतत असू. आता सुरुवातीच्या दिवसांत चिरंजीवांना धास्ती, बॅटरी पुरेल का. म्हणून रात्री तिथे राहून गाडी भरायची. खरे म्हणजे धार-देवास जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, ती सहज पुरते. हे आता सगळ्यांना कळले आहे, पण मुक्काम कोणी बंद केलेला नाही.

वाड्यात मोठ्या पिनेचा एक सॉकेट होता, पंधरा अँपिअरचा. गाडीची तार त्यात घातली तर तिने वीज घ्यायलाच नकार दिला. वायरमन म्हणाला, अर्थिंग नाही. पन्नास वर्षे वाड्यात बत्ती जळते आहे, कोणाला अर्थिंगची आठवण झाली नव्हती. पण ही मोटार त्याशिवाय घास घेत नाही. अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा घातला. आत्या ओट्यावरून पाहत होती. ‘कुणाची दृष्ट काढताय रे?’ मग दिवा हिरवा झाला. तासाला दोन-सव्वादोन युनिटे. रात्रभरात सव्वाशे किलोमीटर.

वायरमन जाता जाता म्हणाला, तार जुनी आहे, भार वाढवून घ्या, अर्ज करा. अर्जासाठी बिल काढले. बिलावर आजोबांचे नाव! आजोबा १९७१ साली गेले. नाव बदलायचे तर वारसांची यादी आणि सगळ्यांची संमती. वाडा विकावा असे पुण्याच्या चुलतभावाच्या मनात बरीच वर्षे आहे. त्याच्या हिशेबात तीन वाटे, तिन्ही मुलग्यांच्या घरचे. आत्या तिथे राहते ती आपल्या सगळ्यांच्या मर्जीने, अशी त्याची समजूत. घरातल्या एकाही कागदावर तिचे नाव नव्हते.

वकिलांनी यादी करायला घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘अपत्यांपैकी हयात कोण?’ एकटी आत्या. मृत्युपत्र नाही, आणि १९५६ च्या कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच. तीनाचे चार झाले. परतताना मी हे तिला गाडीत सांगितले, एकदाच, नेहमीच्या आवाजात. तिने ऐकले. बराच वेळ गेला. मग म्हणाली, ‘यादीत माझं नाव पहिलं लिही. मी थोरली आहे.’

तसे लिहिले आहे. नागपूरच्या भावाने सही करून कागद पाठवला. पुण्याचा म्हणतो, फोनवर नको, समोर बसून बोलू, दिवाळीत येतो. त्याला घ्यायला आम्ही इंदूरच्या विमानतळावर जाणार आहोत. आत्यालाही बरोबर यायचे आहे. गाडीत सगळ्यांचं नीट ऐकू येतं, म्हणते. आणि आदल्या रात्री पुरते शंभर टक्के भरून ठेवा.