बास!

परवा दिवाळीची साफसफाई काढली आणि माळ्यावरून एक निळा डबा खाली आला. लेक शेजारीच बसली होती.

"बाबा, यात काय आहे?"

"माझं जुनं रील आहे."

तिचे डोळे मोठे झाले. "तू रील्स करायचास?"

आता काय सांगणार! तसलं नाही गं बाई, मासे धरायचं रील. जालन्याच्या ज्या घरात अंडं उकडायचं तर गच्चीवर वेगळी शेगडी मांडावी लागे, त्या घरातला मी, आणि मला मासे धरायचा नाद होता. (ताई, हसू नकोस. तुलाही माहीत होतं आणि आईला तूच सांगितलं होतंस.)

डबा उघडल्यावर आधी वास आला, मग दृश्य दिसलं. रबरी गांडुळं, सरडे, बेडकाची पिल्लं असं सगळं एकमेकांत विरघळून जांभळट हिरवा गोळा झाला होता. चूक माझीच. ही मऊ आमिषं वेगवेगळ्या जातीच्या प्लॅस्टिकची असतात आणि एका जातीचं दुसऱ्याला चिकटून राहिलं तर दोन्ही वितळतात. ज्या पाकिटातून आली त्याच पाकिटात ठेवायची, हा या नादातला अगदी बालवाडीचा नियम. मी घाईत सगळी एका कप्प्यात कोंबली होती. शिवाय शेवटच्या वेळी ओलीच ठेवली असणार, कारण गळांना तांबेरा चढला होता.

रील मात्र फडक्यात गुंडाळलेलं होतं. दांडी फिरवून पाहिली तर आवाज न करता, लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. इतक्या वर्षांनी! हे काही माझं कर्तृत्व नाही. ते रील शेवटचं उघडलं होतं माझ्या काकांनी. म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, आणि एका मरळीबद्दल.

२००५ ते २०११ आम्ही डॅलसजवळ राहत होतो. तिथे एका सहकाऱ्याने मला बास माशाच्या नादी लावलं. आईला फोनवर म्हटलं, "दर शनिवारी बास धरायला जातो." ती म्हणाली, "बास म्हणजे? पुरे तर पुरे, त्याला धरायला कशाला जायचं?" तेव्हा खूप हसलो होतो.

बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. बुडालेल्या फांदीच्या आड किंवा पाणगवतात दबा धरून बसतो आणि जवळून काही गेलं की झडप घालतो. तोंड एवढं मोठं की आपली मूठ आत जाईल. सगळ्यांत मोठा बास १० किलोंच्या आसपासचा. तो १९३२ मध्ये जॉर्जियात मिळाला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात एकाने त्याची बरोबरी केली. मला कधी दीड किलोच्या वरचा मिळाला नाही, पण दुकानातल्या आमिषांच्या भिंतीसमोर मी तासन्तास उभा राहत असे. बायको साड्यांच्या दुकानात राहते तसा.

आमिष निवडायचं म्हणजे काय, तर आपल्याला काय आवडतं ते विसरायचं. पाणी गढूळ असेल तर माशाला रंग दिसत नाही, आकृती दिसते आणि थरथर कळते. म्हणून तिथे काळं, जाड, पाणी हलवणारं आमिष. नितळ पाण्यात उलट, तिथल्या छोट्या माशांच्या रंगाचं, बारीक आणि हळू. पाणगवत असेल तर पोकळ रबरी बेडूक, ज्याच्या पाठीला चिकटून वर वळलेले दोन गळ असतात. ते गवतात अडकत नाहीत, माशाने बेडूक दाबला की मगच उघडे पडतात. आणि मासा उसळला की लगेच हिसका द्यायचा नाही. मनात एक-दोन म्हणायचं, काठीला वजन लागलं की मग ओढायचं. मला हे 'एक-दोन' जमायला एक वर्ष लागलं.

रबरी गांडूळ हा प्रकार ओहायोतल्या निक क्रीम या माणसाने १९४९ मध्ये काढला. पुढे त्याचा कारखाना टेक्सासमध्ये टायलरला गेला, आमच्यापासून दीड-दोन तासांवर. आणि रीलची गोष्ट तर त्याहून मजेची. एका फेऱ्यात दोर अनेक वेढे गुंडाळणारं रील अमेरिकेत पहिल्यांदा बनवलं ते केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने, १८१० ते १८२० च्या सुमारास. दातेरी चाकं कशी बसवायची हे घड्याळजीलाच माहीत ना!

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. कारण माझे काका घड्याळजी.

जुन्या जालन्यात त्यांचं टपरीएवढं दुकान होतं. मी सातवीत असताना वडील गेले. त्यानंतर शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायचो. काका डोळ्याला भिंग लावून एचएमटी घड्याळं उघडायचे आणि मी पाढे म्हणायचो. रविवारी मात्र दुकान बंद आणि आम्ही मोती तलावावर. जमशेदखानाने बांधलेला हा तलाव. जमिनीखालून नळ टाकून गावाला पाणी दिलं तेही त्यानेच, हा इतिहास काका दर रविवारी नव्याने सांगत. त्यांची सामग्री म्हणजे बांबूची काठी, तंगूस, गळ आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्यातलं भेंड. हे सगळं ते एका म्हाताऱ्या भोयाकडून शिकले होते. स्वतः मासा खात नसत, मिळाला की त्या भोयाच्या घरी द्यायचे. मग जायचं कशाला? "दिवसभर भिंगातून बघून डोळे आखडतात रे. पाण्याकडं बघितलं की मोकळे होतात," म्हणायचे.

परत आलो तेव्हा मी त्यांच्यासाठी काय आणलं असेल? मीच वापरलेलं एक स्पिनिंग रील. मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवलं. काकांनी दांडी फिरवली, कानाशी नेलं आणि म्हणाले, "कामून रे लेका, याला कोणी तेलात बुडवलं?"

मीच बुडवलं होतं. दर पावसाळ्यात उदार हाताने स्प्रे मारायचो. काकांनी पांढरं फडकं अंथरलं, स्क्रू काढले आणि प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडला. आतलं जुनं ग्रीस काळं, चिकट झालं होतं. उलटं फिरणं रोखणाऱ्या बेअरिंगमध्ये तेल गेल्यामुळे दांडी मधूनच मागे सटकत होती. ड्रॅगच्या चकत्याही तेलकट झाल्या होत्या. सगळं पेट्रोलने पुसून, वाळवून त्यांनी दातेरी चाकांना ग्रीसचा नुसता हात लावला आणि बेअरिंगला सुईच्या टोकावरून एक-एक थेंब तेल दिलं. "तेल म्हणजे तहान भागवायची. आंघोळ नाही घालायची." काम झाल्यावर ड्रॅगची चकती सैल करून ठेवायची हेही त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. आवळलेली वस्तू आवळलेलीच ठेवली की तिचा जीव जातो, असं त्यांचं म्हणणं.

त्याच पावसाळ्यात, २०११ च्या श्रावणात, आम्ही त्यांच्या एका मित्राच्या गावच्या पाझर तलावावर गेलो. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे गावोगाव अशी कामं निघाली, त्यातलाच एक. तिथे मरळ होती. मरळ म्हणजे आपल्याकडचा बासच म्हणा. तशीच गवतात दबा धरणारी, तशीच झडप घालणारी. वर आणखी एक गंमत, ती पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे तळं आटलं तरी ओल्या चिखलात तग धरते. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्यासाठी जे जिवंत मासे गिळायला देतात ती हिचीच पिल्लं. आमच्या आत्या एकदा गेल्या होत्या. दमा गेला नाही, पण त्या प्रवासाच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत.

काळ्या मातीचं पाणी, पावसाने गढूळ. मी काळा बेडूक निवडला. तीन तास फेकला. काही नाही. आणि मग गवताच्या कडेला पाणी उकळल्यासारखं दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर तांबडी-केशरी, बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं एका घोळक्यात वर येत होती, श्वास घेऊन खाली जात होती. पिल्लं तिथे म्हणजे मोठी मरळ खालीच असणार, हे मी वाचलेलं होतं. बेडूक नेमका घोळक्यावर टाकला. दुसऱ्यांदा टाकला. तिसऱ्यांदा पाणी फुटलं.

दोन किलोची तरी होती. मी आनंदाने ओरडलो. काका काही बोलले नाहीत. ते काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते.

"इकडं ये. बघ आता."

घोळका अजून तिथेच होता. पण त्याच्या खालून लहान-लहान मासे सुळकन येत होते आणि दर वेळी पाण्यावरचा तो तांबडा डाग थोडा आक्रसत होता. एक पाणकावळाही येऊन बसला होता.

"ती काही भुकेनं नव्हती आली," काका म्हणाले. "लेकरांवर बेडूक आला म्हणून हाकलायला आली."

मग थोड्या वेळाने, "आम्ही पण धरतो. पण उपाशी असंल तिला."

मरळ ओल्या पोत्यात होती, जिवंत. मी दोन्ही हातांनी उचलून तिला घोळक्याच्या जवळ सोडलं. ती आधी कलली, मग शेपटी मारून दिसेनाशी झाली. पिल्लांकडे गेली की खोल पाण्यात, ते कळलं नाही. परतताना एसटीत काका खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याशेजारी अकरा वर्षांच्या मुलासारखा बसलो होतो.

मला जास्त लागलं ते वेगळंच. टेक्सासमध्ये वसंत ऋतूत बास उथळ पाण्यात घरटं करतात. अंडी घालून मादी जाते आणि नर राखण बसतो. तेव्हा त्याच्यासमोर काहीही टाका, तो तोंडात धरून बाहेर नेतो. मी असे कितीतरी धरले होते. आमच्याकडे साधारण नियम होता, १४ इंचांपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि दिवसाला पाचच. मी तर एकही ठेवत नसे. फोटो काढून सोडून द्यायचो आणि वर 'आम्ही मारत नाही' म्हणून स्वतःवर खूश. त्या फोटोच्या दोन मिनिटांत मागे घरट्यावर काय होत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमिष निवडायची कला म्हणून मी जे शिकलो त्यात पाण्याचा रंग होता, गवत होतं, ऊन होतं. मासा का तोंड उघडतोय हा प्रश्न होता, पण तो फक्त उत्तराचा फायदा घेण्यापुरता.

हल्ली लेकीच्या नावाने मला रोज फोन येतात. क्लासवाले, विमेवाले, 'तिच्या भविष्याचा विचार केलाय का सर?' म्हणणारे. मला त्यातलं काही हवं असतं असं नाही, तरी मी ऐकत राहतो. तेव्हा मला तो काळा बेडूक आठवतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याचे हाल सगळ्यांनी पेपरात वाचले असतील. तो पाझर तलावही आटून भेगाळला. पुढच्या पावसाळ्यानंतर एक दिवस काकांचा फोन आला. माझी खुशाली विचारली नाही, एकदम म्हणाले, "मित्राच्या तळ्याला पाणी आलं. लाल पिल्लं दिसली म्हणतो." चिखलात तग धरून राहिली होती की पुराबरोबर दुसरीकडून आली, देव जाणे. तीच होती असं मी म्हणत नाही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत राहिलं.

काका २०१९ मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी रील त्यांच्या हातून शेवटचं निघालं. तेव्हा हात थरथरायचे, तरी तेलाचा थेंब नेमका जागेवर पडायचा.

परवा तो वितळलेला गोळा फेकून दिला. गंजलेले गळ काढले, दोन बरे होते ते कानशीने घासले. गळ नखावर टेकवून ओढायचा, घसरला तर बोथट, रुतला तर चांगला, हे लेकीला दाखवलं. रबरी बेडकाच्या पोटात साचलेलं पाणी पिळून तो उन्हात ठेवला. तंगूस उन्हाने आणि वयाने कडक झालेली असते, ती सगळी काढून टाकली, नवी आणायची आहे. रीलला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

"मला शिकवशील?" लेकीने विचारलं.

"शिकवीन. पण पिल्लं दिसली की बास."

"बास म्हणजे तो अमेरिकेतला मासा ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "बास म्हणजे पुरे."