बालवाडीचे इन्स्पेक्शन

लग्नाचा हॉल, भाड्याची जागा आणि पोरांची बालवाडी बघायला गेलेला मराठी माणूस आधी भिंतीचा रंग बघतो. रंग बरा असला की त्याला पुढचं काही दिसेनासं होतं. बालवाडीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून हल्ली दर दुसऱ्या बालवाडीच्या भिंतीवर एक जिराफ असतो. फीचा आकडा किती उंच जाऊ शकतो याची पालकांना आधीच कल्पना यावी, एवढाच त्यामागे हेतू असावा.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी मनी तीन वर्षांची झाली. भाऊ आणि भावजय दोघंही नोकरीवर. तेव्हा आई मला म्हणाली, "तुझी बँक दर वर्षी तपासतात ना? मग तपासणी कशी करतात ते तुला माहीत असेलच. तूच जा." बँकेत तपासणी होते तेव्हा मी तपासणाऱ्यांत नसून तपासल्या जाणाऱ्यांत असतो, हा फरक आईच्या लेखी किरकोळ आहे. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि मनीचं बोट धरून निघालो.

पहिली बालवाडी वातानुकूलित होती. जिराफ अर्थातच होता. तिथल्या मॅडमनी मनीला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" मनी म्हणाली, "तुझं काय?" माझ्या मते संभाषण छान सुरू झालं होतं, पण मॅडमनी फॉर्मवर काहीतरी फुली मारली. वास्तविक नर्सरी प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा आणि मुलाखती घेणं बंद करा, अशी शिफारस यशपाल समितीने १९९३ सालीच करून ठेवली आहे. समितीचा अहवाल आणि आमच्या बँकेतला तक्रार-अर्ज यांचं नशीब एकच. दोन्ही नीट फाईल होतात.

"आमच्याकडे मूल वर्षभरात शंभरपर्यंत लिहितं," मॅडम म्हणाल्या.

"आणि शू लागली तर?" मी विचारलं.

"तेही शिकवतो. मे आय गो टू टॉयलेट, असं पूर्ण वाक्य म्हणायला लावतो. सवय लागते."

सवय लागते हे खरं आहे. आमच्याच बिल्डिंगमधला एक पोरगा त्या बालवाडीत जात होता. पहिला महिनाभर तो रोज ओल्या चड्डीत घरी आला. वेळ त्याला बरोबर कळायची, वाक्य वेळेवर यायचं नाही. दुसऱ्या महिन्यात चड्डी कोरडी यायला लागली. आई-बाप खूश! पुढे त्याच्या आजीच्या लक्षात आलं, की पोराने सकाळी पाणी पिणंच सोडलंय. साडेतीन वर्षांच्या जीवाने स्वतःपुरता तोडगा काढला होता. आता याला शिक्षण म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप ज्यांनी सुरू केला त्यांच्या डोक्यात असलं काही नव्हतं. फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थाने १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. बागेत रोपाला कोणी 'हंड्रेडपर्यंत वाढून दाखव' म्हणत नाही. मारिया माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं, ते गरीब वस्तीतल्या कामकरी लोकांच्या मुलांसाठी. आज तेच नाव पाटीवर लावलं की फी वाढते.

आणि लांब कशाला जा? आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी हा शब्द तिथला. महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर काम भागवलं. आधी पोरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. पुसणं आणि शिकवणं ही दोन वेगळी खाती आहेत, असं त्यांना वाटलंच नाही.

दुसरी बालवाडी आमच्याच गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांची. जिराफ नाही. बावीस पोरं, एक बाई आणि एक मदतनीस मावशी. बाई जमिनीवर बसल्या होत्या. एक मुलगा त्यांच्या मांडीवर रडत होता आणि बाई त्याला रडू देऊन दुसऱ्या हाताने चिंचोके मांडत होत्या. गोंगाट आमच्या बँकेत पेन्शनच्या दिवशी असतो तेवढा.

"लिहायला कधी शिकवता?" मी भावाने दिलेला प्रश्न विचारला.

"अजून बोटं कुठं तयार झालीत, काका? आधी चिंचोके उचलू देत, माती मळू देत. पेन्सिल कुठं पळून जाते का?"

मग त्यांनी उलट माझीच तपासणी सुरू केली. मनी झोपते किती वाजता? कशाला घाबरते? आणि शेवटी, "शू लागली की काय म्हणते?"

मी जरा संकोचून म्हणालो, "पाऊस आला म्हणते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक वही उघडली आणि मनीच्या नावापुढे लिहिलं – 'पाऊस आला'. वर एक 'नळ', एक 'नंबर वन', एक 'बाबूला जायचंय', असे बावीस जणांचे बावीस शब्द होते. नोकरीत मी पुष्कळ रजिस्टरं पाहिली. पण इतकं उपयोगाचं रजिस्टर पाहिलं नाही. मनीचा प्रवेश तिथेच झाला.

बी. कॉम.ला आम्हाला 'गुडविल' शिकवलं होतं. हाताला न लागणारी, तरीही ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मांडायची गोष्ट. त्या वहीकडे बघताना मला ते पहिल्यांदा नीट कळलं. मात्र ज्यांच्या जिवावर ही मालमत्ता उभी राहते, त्यांच्या पगाराची रक्कम ऐकून मी गप्प झालो. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. त्या योजनेतल्या अंगणवाडी सेविकेला तर पगारही म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान आणि धन दोन्ही बेताचंच द्यायचं असलं की हा शब्द फार सोयीचा पडतो. नोटा मोजणाऱ्या माझ्यासारख्याला पगार, भत्ता, बोनस. आणि पोरं सांभाळणारीला मानधन! पुढच्या जूनला बाई टिकतील ना, ही धास्ती मला मनीच्या एबीसीडीपेक्षा जास्त वाटते.

हल्ली बँकेत कुणी विचारलं, "चांगली बालवाडी कुठली हो?" तर मी एवढंच सांगतो, की भिंती बघू नका. पोरगं रडलं तर कोण उचलतं ते बघा, आणि शूची वही आहे का ते विचारा. लोक हसतात. पण परवा आमचे कॅशियर त्यांच्या नातवासाठी खरंच विचारून आले.

"वही नव्हती," ते म्हणाले, "पण बाईंना सगळे शब्द पाठ होते."

मी म्हटलं, "मग डोळे मिटून घाला."