हवेंतील रेघ

बारीक रेघ काढावयाची तर हत्यारहि बारीक हवें, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. शाळेंत नकाशा काढतांना पेन्सिलीला टोंक करून द्या म्हणून आपण थोरल्या भावाच्या मागें लागतों, तें ह्याच समजुतीनें. पेन्सिलीपुरती ती खोटीहि नाहीं. परंतु एअरब्रश नांवाचें जें एक विलक्षण हत्यार गेलीं कित्येक वर्षें माझ्या टेबलावर आहे, त्यानें मला ह्या बाबतींत निराळेंच कांहीं शिकविलें.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांनीं एक जाडसर फाउंटनपेन डोळ्यांपुढें आणावें. त्याच्या पाठीवर रंगाची चिमुकली वाटी, पोटाखालून हवा आणणारी रबरी नळी, आणि आंत टोंकाकडे निमुळती होत गेलेली एक लांब सुई. ही सुई पुढच्या तोटीच्या छिद्रांत बुचासारखी बसलेली असते. वरची कळ दाबली कीं हवा सुटते. तीच मागें ओढली कीं सुई मागें सरते, आणि मोकळ्या झालेल्या फटींतून रंग वाऱ्यावर स्वार होऊन बाहेर पडतो. दाबणें आणि ओढणें ह्या दोन क्रिया एकाच बोटानें, पण एकमेकींपासून स्वतंत्रपणें करावयाच्या, ही ह्या विद्येची पहिली यत्ता. 1879 च्या सुमारास अमेरिकेंतील आयोवा येथें ॲब्नर पीलर नांवाच्या गृहस्थानें ह्या जातीचें पहिलें यंत्र बनविलें, आणि फोटोंवर हात फिरविणाऱ्या कारागिरांनीं तें लवकरच उचललें. हवा आणि रंग यांचा संगम यंत्राच्या आंतच घडवून आणणारी सुधारणा पुढें 1890 नंतरच्या दशकांत चार्ल्स बर्डिक यानें केली. आजचें यंत्र त्याच वंशांतलें आहे.

माझा छंद विमानांच्या प्रतिकृति करण्याचा. मूळ विमानाचे बहात्तर इंच म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच, हें माझें माप. सध्यां टेबलावर आहे तें इटलीचें माक्की सी. 202 ‘फोल्गोरे’, म्हणजे ‘वीज’. 1940 च्या ऑगस्टांत हें प्रथम उडालें. त्याचे पंख या टोंकापासून त्या टोंकापर्यंत साडेदहा मीटरांहून किंचित् अधिक. माझ्या प्रतिकृतींत ते पंधरा सेंटिमीटरहि भरत नाहींत, म्हणजे वीतभरसुद्धां नाहींत. एवढ्याशा जागेंत मला पिवळसर तपकिरी रंगावर गर्द हिरव्या रंगाचीं असंख्य वलयें काढावयाचीं आहेत. विमान जमिनीवर उभें असतां वरून पाहणाऱ्याला तें वाळवंटांतलीं झुडपें वाटावें, ह्यासाठीं केलेली ही युक्ति. इंग्रज तिला ‘धुराचीं वलयें’ म्हणतात.

हें विमान 1941 च्या अखेरीस लिबियाच्या वाळवंटांत आलें. 1942 च्या जूनमध्यें तोब्रुक पडलें तेव्हां पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तेथें कैद झाली. आपल्या माणसांच्या डोक्यावर घिरट्या घालणारें शत्रूचें यंत्र इतक्या प्रेमानें कां रंगवितां, असें मला कोणी विचारलें तर उत्तर चटकन् सुचत नाहीं, हें खरें.

तर रेघेकडे वळूं. मूळ विमानावर सात सेंटिमीटर रुंदीची रेघ असेल तर ती माझ्या पंखावर एक मिलिमीटरची व्हावयास हवी. नवशिक्याची रेघ तीन-चार मिलिमीटरांची येते. म्हणजे मूळ मापांत वीतभराहून रुंद! वलयें दिसण्याऐवजीं पंखभर डबकीं सांचल्यासारखीं दिसतात. साध्या कुंचल्यानें रेघ बारीक येईल, पण तिची कड सुरीनें कापल्यासारखी येते. मूळ विमान फवाऱ्यानें रंगविलेलें. त्याच्या रेघेची कड धुक्यासारखी विरत गेलेली. ती विरलेली कडच तर हवी असते.

अशा वेळीं माणूस दुकानांत धांव घेतो आणि आणखी लहान छिद्राची तोटी घेऊन येतो. 0.3 मिलिमीटरची असली तर 0.2 ची, ती असली तर 0.15 ची. माझें मत असें कीं, हा पैसा बहुधा वायां जातो. छिद्र जितकें लहान तितकें तें लवकर तुंबतें, आणि 0.3 च्या तोटींतूनहि केसासारखी रेघ निघते. रेघेची रुंदी छिद्रांत नसून चार ठिकाणीं वांटलेली असते: रंगाच्या पातळपणांत, हवेच्या दाबांत, अंतरांत आणि हाताच्या वेगांत.

रंग ‘दुधाइतका पातळ’ करावा, असें सर्व जाणते सांगतात. पण कोणतें दूध? म्हशीचें धारोष्ण, कीं आमच्या लहानपणीं गवळी दारांत आणून घालीत असे तें? सबंध पंखावर हात फिरवावयाचा असेल तर पहिलें चालेल. बारीक रेघेला मात्र निःसंशय दुसरेंच लागतें. रंग असा पाणचट झाला कीं हवाहि कमी करावी लागते. एरवीं चौरस इंचास वीस पौंड दाब ठेवीत असलों तर येथें दहा-बारा पुरे. तसें न केलें तर वारा तो पातळ थेंब पृष्ठभागावर पसरवितो आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना कोळ्याचे पाय फुटतात. उलट दाब फार उतरविला तर रंगाचे कण जाडे पडून रेघ खरखरीत दिसते. मग अंतर. सुईचें टोंक पंखापासून एका सेंटिमीटरवर, किंबहुना त्याहूनहि जवळ न्यावें लागतें. त्यासाठीं तोटीपुढची टोपी काढून ठेवतात. सुई उघडी पडते, आणि जरा कोठें आपटली कीं वांकते. वांकलेल्या सुईची रेघ कायमची एका बाजूला थुंकते.

शिवाय सुईच्या टोंकावर रंग वाळतो. पाण्यांत मिसळणारे ॲक्रिलिक रंग तर फारच लवकर वाळतात. दर दोन-चार मिनिटांनीं ओल्या कुंचल्यानें तें टोंक पुसावें लागतें. आमच्या मुंबईचा पावसाळा येथें मोठी गंमत करतो. दमट हवेंत टोंक लवकर वाळत नाहीं, हा त्याचा उपकार; पण तीच दमट हवा काँप्रेसरांत दाबली गेली कीं तिचें पाणी होतें आणि ऐन रेघेच्या मध्यावर एक थेंब टपकन् पंखावर येऊन बसतो. नळीवर पाणी धरून ठेवणारी बाटली बसविल्यावांचून जुलै-ऑगस्टांत ह्या कामाला हात घालूं नये.

हें सारें मला समजलें तें आईच्या रांगोळीमुळें. रांगोळीची रेघहि हवेंतूनच पडते. बोटें जमिनीला टेकत नाहींत. आईची चिमूट जमिनीपासून जेमतेम दोन बोटें वर असे, आणि तिची रेघ दोऱ्यासारखी येई. आम्ही मुलें उभ्यानें वांकून रांगोळी सोडीत असूं. ती भाकरीच्या पिठासारखी पसरे. चिमूट त्याच आकाराची, रांगोळी त्याच डब्यांतली. आईचा हात आधीं हलूं लागे आणि मग रांगोळी सुटे. थांबतांना आधीं रांगोळी थांबे, मग हात. एअरब्रशचा नियम अक्षरशः हाच आहे. हात चालूं लागल्यावर रंग सोडावा, रंग मिटल्यावर हात थांबवावा. नाहींतर रेघेच्या दोन्ही टोंकांना गांठी बसतात.

इतक्या बारकाईनें मी हें लिहितों आहें, त्याला कारण आहे. गेल्या दोन वर्षांपासून माझ्या उजव्या हाताला बारीक कंप सुरू झाला आहे. कपबशी उचलली कीं ती वाजते. डॉक्टर म्हणतात, काळजी करण्याजोगें कांहीं नाहीं. मात्र हा पाहुणा आतां जाणारा नव्हे. लिहितांना कागद हाताला आधार देतो. एअरब्रशला कोठेंच टेकावयाचें नसतें. आधार काय तो हवेचा. सून परवां म्हणाली, “बाबा, एकाच रंगाचीं विमानें नसतात का?” असतात कीं! तीं सारीं करून झालीं.

म्हणून मीं पद्धत बदलली. दोन्ही कोंपरें टेबलावर टेकतों. डाव्या हाताचें बोट नळीच्या गळ्याखालीं आधाराला देतों. यंत्राच्या शेपटीकडे एक स्क्रू असतो. तो पिळून ठेवला कीं सुई ठरलेल्या मर्यादेपलीकडे मागें जात नाहीं, मग बोट थरथरलें तरी रंग भसकन् येत नाहीं. धडधाकट हाताच्या लोकांना ह्या स्क्रूची किंमत कळत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. हात हळू नेला तर कंप रेघेंत उतरतो, झरकन् नेला तर उतरत नाहीं. पण झरकन् नेलेल्या हाताची रेघ फिकी येते. तेव्हां एका गडद रेघेऐवजीं एकमेकींवर तीन फिक्या रेघा काढावयाच्या. एकीचा वांकडेपणा दुसरी झांकते. वलय पूर्ण गोल येत नाहीं, हें कबूल.

पण मूळचीं वलयें तरी कोठें गोल होतीं? जुनीं छायाचित्रें भिंगाखालीं धरून पाहतों तों एकहि वलय दुसऱ्यासारखें नाहीं. हीं विमानें माक्कीखेरीज ब्रेडा आणि साइ-आंब्रोझीनी यांच्या कारखान्यांतहि तयार होत, आणि प्रत्येक कारखान्याचा हात निराळा. वलयांच्या वळणावरून विमान कोठें बनलें हें जाणकार सांगतात. पाकिटावरचें अक्षर पाहून पत्र कोणाचें तें ओळखावें तसें. रोमजवळ ब्राच्चानो सरोवराच्या कांठीं व्हिन्या दि व्हाले येथील संग्रहालयांत एक आणि वॉशिंग्टनच्या विमान-संग्रहालयांत एक, अशीं दोन फोल्गोरे आजहि आहेत. भिंगाखालच्या एका छायाचित्रांत शेपटीजवळ एक वलय अर्धवट सुटलें आहे. रंग संपला, जेवणाची घंटा झाली, कीं दिवसभर फवारा धरून त्या रंगाऱ्याचा हात भरून आला होता, कोण जाणे. तें सुटलेलें वलय मीं माझ्या प्रतिकृतींत तसेंच सुटलेलें ठेवलें आहे.

डावा पंख झाला. सुई काढून पुसली, तोटी थिनरमध्यें बुडवून ठेवली, मुखपट्टी खुंटीला लावली. उजव्या पंखाचें काम उद्यां सकाळीं, चहापूर्वीं. चहा झाला कीं हात जरा अधिक हलतो.