ओके आणि काहून

आम्ही दोघेही मराठीचेच प्राध्यापक. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. बुलढाणा जिल्ह्यात एवढे सांगितले की माणसाच्या बोलीचा अंदाज येतो. गेल्या हिवाळ्यात निबंधाच्या वह्या तपासताना एका विद्यार्थ्याने आईच्या तोंडी घातलेल्या ‘काहून’ या शब्दाभोवती आम्ही लाल गोल केला, समासात ‘का’ असे लिहिले आणि पानाखाली सवयीने ‘ओके’ लिहून सही केली. वही परत घेताना तो शांतपणे म्हणाला, “सर, तुमचं ओके चालते, मंग आमचं काहून काहून नाही चालत?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. म्हणून निदान ओकेचे कूळ तरी शोधावे, असे ठरवले.

१८३० च्या दशकाअखेरीस बोस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरे छापण्याची थट्टेखोर टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’चे केले ‘ओल कोरेक्ट’, आणि त्याचे ओके. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते छापून आले. ‘सर्व बरोबर’ असे सांगणारी दोन्ही अक्षरे चूक! १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी, त्यांच्या किंडरहूक या गावावरून पडलेल्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावासाठी हीच अक्षरे मिरवली. व्हॅन ब्युरेन हरले. ओके मात्र टिकले. हा सारा माग १९६३-६४ मध्ये ॲलन वॉकर रीड यांनी जुनी वृत्तपत्रे धुंडाळून लावला.

म्हणजे परमुलखातील अशुद्धलेखनाची थट्टा आमच्या लाल शाईत शुद्ध ठरली, आणि या मुलाच्या आईचा शब्द अशुद्ध! याच जिल्ह्यातील नरवेलचे वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या ‘लीळाचरित्रा’वर आम्ही तास घेतो, तेराव्या शतकातील वऱ्हाडच्या बोलत्या मराठीची थोरवी सांगतो. तास संपला की तीच बोली आम्हांस चूक वाटते.

प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे; तिच्यावाचून मुलांचे पुढे अडते. परंतु शब्द चुकणे वेगळे आणि शब्द घरचा असणे वेगळे.

ती वही आम्ही पुन्हा मागवून घेतली. लाल शाई पुसता येत नाही. गोलाशेजारी ‘संवादात योग्य’ एवढे लिहिले. खालचे ओके तसेच राहू दिले. त्या शब्दाचा काय दोष?