आप्पांचे कान

आमचे आप्पा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपानंतर गिरणी गेली, नोकरी गेली. साच्यांचा खडखडाट मात्र आप्पांच्या कानांत राहिला आणि बाकीचं ऐकू येणं हळूहळू बंद झालं. परिणामी आमच्या लालबागच्या चाळीत आप्पा सातच्या बातम्या लावतात आणि तिन्ही मजले त्या ऐकतात. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर स्वतःचा टीव्ही विकला, असं म्हणतात.

शेवटी चिरंजीवांनी फर्मान काढलं, ''आजोबांना ब्लूटूथवालं श्रवणयंत्र घ्या. टीव्हीचा आवाज थेट कानात!''

चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. मी पडलो बी.कॉम. किंमत ऐकून आधी मी खाली बसलो, मग शंका काढली. आमच्या मजल्यावर वीस खोल्या, खोलीगणिक तीन फोन. एवढी सगळी यंत्रं एकाच हवेत बोलायला लागली, तर आप्पांच्या कानात बातम्यांऐवजी शेजारचं सासूपुराण यायचं!

''तसं होत नाही बाबा. ते उड्या मारतं.''

ब्लूटूथच्या जुन्या रीतीत 79 वाटा असतात आणि आवाज सेकंदाला 1600 वेळा वाट बदलतो. कुठली उडी कधी, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाच ठाऊक. ही युक्ती म्हणे 'सॅमसन अँड डिलायला'तल्या हेडी लमारची. तिनं आणि एका संगीतकारानं 1942 साली तिचं पेटंट घेतलं, पाणतीरासाठी. वाटा 88, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. नटीच्या डोक्यात पाणतीर येतो आणि आमच्या डोक्यात नटी, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

याच्या पुढची पायरी म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड. अमेरिकेनं 2002 साली 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झचा ऐसपैस पट्टा त्याला मोकळा केला. अट एकच, कुजबुजायचं. आधीच्या भाडेकरूंना पत्ता लागता कामा नये. म्हणजे पोटभाडेकरूच की! एका पद्धतीत या पट्ट्याच्या खालच्या टोकाला 528 मेगाहर्ट्झच्या तीन खिडक्या पाडल्या आणि दर 312.5 नॅनोसेकंदांनी खिडकी बदलायची असं ठरलं.

खिडकी म्हटल्यावर मला समजायला लागलं. आमच्या बँकेतही तीनच खिडक्या उघड्या असतात (एक नेहमी जेवायला गेलेली). सगळी गिऱ्हाइकं एकाच वेळी एकाच खिडकीवर आली तर मारामारी. म्हणून एकानं एक-दोन-तीन असं फिरायचं, दुसऱ्यानं एक-तीन-दोन. तरी मधूनमधून टक्कर होतेच. त्यावर तोड अशी, की तीच स्लिप दोन खिडक्यांवर द्यायची. एक गहाळ झाली तरी दुसरी आहे. आमच्याकडे असं केलं तर मेमो मिळतो.

ती खिडक्यांची यंत्रं बाजारात फारशी चालली नाहीत. अल्ट्रा-वाइडबँड आता 2019 पासूनच्या काही महागड्या फोनांत आणि मोटारींच्या किल्ल्यांत असतो. तिथे तो खिडक्या बदलत नाही, बारीक ठोके देऊन अंतर मोजतो. आमच्याकडे मोटार नसल्यामुळे हा विषय तिथेच थांबला.

श्रवणयंत्र आलं. पहिल्या दिवशी बातम्या लागल्या आणि चाळीत शांतता पसरली. काय झालं म्हणून चौघंजण विचारायला आले.

तिसऱ्या दिवशी रात्री मी आणि ही बोलत बसलो होतो, नेहमीसारखं, आप्पांच्या देखत. चाळ पुनर्विकासाला जाणार, डोंबिवलीला भाड्यानं एकच खोली परवडणार, तेव्हा तोवर आप्पांना गावी ठेवायचं की कसं? गेली पंधरा वर्षं आम्ही सगळे घरगुती ठराव असेच पास करत आलो होतो.

''गावी मी जाणार नाही,'' आप्पा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले.

मी चाचरलो. ''आप्पा, तुम्ही बातम्या ऐकताय ना?''

''जाहिराती लागल्या होत्या.''

तो रात्रभर मला झोप नाही. पंधरा वर्षांत काय काय बोललो, ते आठवत पडून राहिलो. यंत्र नवं आहे, मागचं काही त्यांना ऐकू आलेलं नाही, अशी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी शहाणपण केलं. आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायला लागलो. आठवडाभर बरं चाललं. काल हिनं तोंडातल्या तोंडात डोंबिवलीचं डिपॉझिट किती ते विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत आप्पांनी चष्मा पुसत म्हटलं,

''बाळ्या, अठरा वर्षं मी साचेखात्यात काढली. तिथं ऐकू कुणाला येत होतं?''