गाडी लागते म्हणजे नक्की काय लागतं?

बेलवलीत राहणाऱ्या माणसाचं नाक वासाला सरावलेलं असतं. रात्री एमआयडीसीकडून भपकारा आला की आम्ही खिडकी लावतो आणि झोपतो. त्यामुळेच असेल, जुनी सीएनजीची गाडी घेतली तेव्हा तिच्यातल्या वासाकडे चार महिने कुणी लक्ष दिलं नाही. अंबरनाथ आलं की मी म्हणायचे, "कंपन्यांचा वास आहे, काचा वर करा."

लेक मागे बसायची आणि कल्याण येईपर्यंत एकदा तरी ओकायची. तिला गाडी लागते, एवढंच आम्ही म्हणत होतो. वर्गात हा वाक्प्रचार मी कितीदा शिकवला असेल! गाडी लागते म्हणजे गाडीतलं नेमकं काय लागतं, हे मात्र कधी विचारलं नाही.

विचारलं ते सासूबाईंनी. कल्याणला एका निकाहला जाताना वाहतूककोंडीत अर्धा तास अडकलो. त्याही मागेच बसल्या होत्या. उतरल्या तेव्हा त्यांचं डोकं ठणकत होतं. मोकळ्या हवेत थोडा वेळ बसल्या आणि बऱ्या झाल्या. म्हणाल्या, "बेटा, एसटीत मला असं कधी होत नाही. पोरीला तरी होतं का?"

होत नव्हतं. लोकलमध्येही नाही.

मग मी टाचणवहीच्या शेवटच्या पानावर नोंदी सुरू केल्या. सकाळी गाडी सुरू करताना पेट्रोलचा वास, दोन मिनिटांत गायब. सिग्नलला थांबल्यावर धुराचा, चालू लागलं की कमी. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे मागची काच उघडली की वास जायच्या ऐवजी वाढायचा. मुलीचे अब्बू म्हणाले, तुझा वहम आहे. मेकॅनिकने मात्र वही हातात घेऊन नीट वाचली. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथेच घुटमळतो. मागची काच उघडली की तोच आत ओढला जातो, असं त्याने समजावलं.

पेट्रोलचं कोडं लगेच सुटलं. इंजिनाजवळच्या नळीची क्लिप ढिली होती. गॅसच्या जोडांवर त्याने साबणाचा फेस लावला, बुडबुडा आला नाही. सीएनजीला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. तो वास वेगळा, आमचा वेगळा. मग डिकीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं. पट्टी अलगद ओढून निघाली, म्हणजे रबर चपटं झालेलं. शेवटी अंधार पडल्यावर डिकीत टाकीच्या मागे बॅटरी ठेवून आम्ही वाकून खालून पाहिलं. गाडीच्या पोटातून उजेडाचा रुपयाएवढा गोळा जमिनीवर पडला होता. आधीच्या मालकाच्या वेळी किट बसवणाऱ्याने पाइपासाठी भोक पाडलं होतं आणि त्यात रबरी बूच बसवायचं राहिलं होतं. खाली सायलेन्सरच्या जोडावर काजळीचा काळा ओघळ. लेकीची जागा त्या भोकापासून हातभर अंतरावर.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याला येतो तो वास धुरातल्या इतर वायूंचा. त्यांच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची पहिली लक्षणं. गाडी लागते तेव्हाही हेच होतं. चार महिने मी लेकीला आवळासुपारी देत होते.

बूच, डिकीचं रबर, सायलेन्सरचं गॅस्केट, एका दिवसाचं काम. वालधुनीत २०१४ साली रासायनिक सांडपाणी ओतलं गेलं होतं आणि उल्हासनगरातले शेकडो लोक श्वास कोंडून इस्पितळात गेले होते. तेव्हा आम्ही किती हळहळलो होतो. स्वतःच्या गाडीत मात्र काचा वर करून बसलो.

पुढच्या रविवारी पुन्हा कल्याणला निघालो. लेक मागे बसून वेफर्स खात होती. अंबरनाथला ती नाक मुरडून म्हणाली, "मम्मी, अजून येतोय."

मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरले. वास बाहेरच जास्त होता.